ठिकाण न छापलेलं पत्रक

सुहासदादा,

तू गेलास त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या तालुक्याला कळलं होतं की तू नशेत मेलास. तुझा भाऊ तेव्हा उदगीरहून पोचलासुद्धा नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हृदय बंद पडलं. सकाळची वेळ, भाड्याची खोली, समोर लॅपटॉप, कानावर हेडफोन, आणि पलीकडून तुझ्या ऑफिसची माणसं तुला विचारतायत की आवाज येतोय का. हे सगळं खरं होतं आणि ते कुणालाच नको होतं. व्हॉट्सॲपवर फिरलं ते वेगळंच. 'रेव्ह पार्ट्या भरवणाऱ्या आयटी तरुणाचा संशयास्पद मृत्यू.' संशय कुणाला आला, कशावरून आला, ते लिहायची गरज कुणाला वाटली नाही. तू अमेरिकेच्या घड्याळावर रात्र काढायचास आणि पुण्याच्या घड्याळावर सकाळी परत कामाला बसायचास. वर्षानुवर्षं. त्याचा मात्र कधी कुणाला संशय आला नाही. माणूस कामानं झिजला तर त्याची बातमी होत नाही. नाचला तर होते.

मी काय केलं असेल ते तू ओळखलंच असशील. पत्रक लिहायला बसले. मला राग आला की जेवण नको, पाणी नको, आधी मथळा. मथळा लगेच जमला, मजकूरही जमला, चांगला झणझणीत. मग तळाशी आले. आमच्या गटाच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी ठरलेल्या ओळी असतात. ठिकाण, वार, वेळ, आणि खाली आमची सगळ्यांची नावं फोन नंबरासकट. नाव न घालता बोलतो तो भित्रा, असं मी कॉलेजपासून मानत आले. मी 'ठिकाण' लिहिलं आणि हात थांबला. कारण ते ठिकाण छापू नको म्हणून तू माझ्याशी भांडत होतास, आणि भांडण संपायच्या आत तूच उठून गेलास.

तेव्हा हे पत्रक नव्हे. मी तुझ्याशी बोलतेय. बाकीच्यांना वाचायचं तर त्यांनी वाचावं.

मी तुझ्याकडे पहिल्यांदा आले ती तुला पकडायलाच. आमचा पाच-सहा जणांचा गट तेव्हा जत्रेतल्या, वरातीतल्या, विसर्जनातल्या डीजेच्या भिंतींविरुद्ध गावोगाव फिरत होता. एका गावात आम्हाला हाकललं, दुसऱ्या गावात एकानं माझ्या हातातलं आवाज मोजायचं यंत्र हिसकावून उसात फेकलं. हे सगळं मी सुरू केलं ते नानांमुळे. नाना म्हणजे माझे सख्खे चुलते. पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर त्यांची उमर गेली, आणि निवृत्त होऊन घरी आले ते कान कारखान्यात ठेवूनच. कंपनीनं नारळ आणि शाल दिली. नुकसानभरपाई मागितली तर म्हणाले, वयानं होतं असं. तर ज्या माणसाच्या कानांसाठी मी जगाशी भांडत होते, त्यानंच आपलं पोल्ट्रीचं रिकामं शेड कुणा आयटीवाल्याला भलेमोठे स्पीकर लावायला भाड्यानं दिलं, हे कळल्यावर माझं डोकं फिरलं.

गुरुवार होता. आपल्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळे भर दुपारी सगळीकडे असं गप्प असतं की कान शोधत राहतात. मी कुंपणापाशी यंत्र धरून उभी राहिले. आकडा बघितला. यंत्र हलवून परत बघितला. शेजारच्या गोठ्यातली म्हैस ओरडली तेव्हा कुठं तो वर गेला. तेवढ्यात दार उघडून तू बाहेर आलास, घामानं चिंब, टी-शर्टाला पेंढा चिकटलेला. म्हणालास, "काय मोजूलालीस?"

मी म्हटलं, तुमचा गुन्हा मोजतेय.

"मग बाहेर काय घावणार? आत ये. खरा आवाज आत हाय." आणि दोन पिवळे इअरप्लग माझ्या तळहातावर ठेवलेस. त्या दिवसापासून माझं नाव तू मोजणीबाई ठेवलंस. मी तुझ्या 'करूलालोय' आणि 'जाऊलालोय'ची नक्कल करायची, तू मला मोजणीबाई म्हणायचास. फिट्टंफाट.

आत भिंतींना पेंढ्याच्या गाठी आढ्यापर्यंत रचल्या होत्यास, वरून गोणपाट. मी पाऊल टाकलं आणि कुणीतरी पोटात ठोसा मारावा तसं झालं. ज्यांनी हे कधी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते. याला हार्डकोर म्हणतात. यात गाणं नाही, शब्द नाहीत, चालही जवळजवळ नाही. एक ठोका असतो, भाजून काढल्यासारखा, फाटलेला, आणि तो तुमच्या छातीच्या ठोक्याच्या दुप्पट वेगानं येत राहतो. समोर तीसेक माणसं. घोटावड्याकडच्या कारखान्यांतली सुट्टीवरची ऑपरेटर पोरं, रात्रपाळी संपवून आलेले हिंजवडीचे दोघं-तिघं, एक बिहारी वेल्डर, हॉस्पिटलात काम करणाऱ्या दोन पोरी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. सगळे आपापल्या जागी पाय आपटत होते, अंगातलं काहीतरी खाली जमिनीत उतरवत असल्यासारखे.

नाना दाराशी स्टुलावर बसले होते. मी त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडले, हे कसं सहन करता? ह्यात गाणं कुठं आहे?

ठोका क्षणभर थांबला तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, "आगं, आमी जल्मभर ह्येच तर ऐकलं. फरक येवढाच, हितं कुनी प्रॉडक्शन मागत न्हाई."

तू हसत सुटलास. म्हणालास, अमेरिकेत वीस वर्षं लोक या संगीतावर लेख लिहितायत, नानांनी एका वाक्यात संपवलं.

मला मात्र हसू आलं नव्हतं. मी पंधरा मिनिटांत बाहेर आले आणि तुला सांगितलं की कुंपणापर्यंत जमिनीतून धडधड येतेय, तेवढी बंद झाली नाही तर मी तक्रार करणार. तू वाद घातला नाहीस. पुढच्या गुरुवारी बघते तर बेसच्या सगळ्या पेट्या ट्रकच्या जुन्या टायरांवर चढवलेल्या. मी पुन्हा मोजलं. तू बाजूला उभा राहून निकालाची वाट बघत होतास, दहावीच्या पोरासारखा. आजवर डीजेच्या भिंती लावणाऱ्या शेकडो लोकांशी मी बोलले असेन. आवाज कुठपर्यंत जातो हे स्वतःहून विचारणारा तू एकटा.

मला तुझं संगीत कधीच आवडलं नाही. हे आज खोटं बोलणार नाही, मेलेल्या माणसाला खोटं सांगून काय मिळणार. पण मी येत राहिले, ते त्या निळ्या पिंपामुळे. दाराच्या आत डाव्या हाताला पाण्याचं पिंप, स्टीलचे पेले, मीठ-साखर-लिंबू घातलेली बादली आणि एक खुर्ची. तुझा नियम होता की त्या खुर्चीवर एक माणूस कायम बसेल. तो नाचणार नाही. मोबाइल बघणार नाही. समोरच्या प्रत्येकाचा चेहरा बघत राहील. कोण पांढरा पडतोय, कोण कोपऱ्यात खाली बसलाय, कुणी बराच वेळ पाणी प्यायलं नाही. त्याच्याकडे जायचं, पेला द्यायचा, प्रश्न विचारायचे नाहीत. तुझ्या शेडमध्ये दारू नव्हती, गोळ्या-पावडरी नव्हत्या, तंबाखूच्या पुड्यासुद्धा दारावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकून आत यावं लागायचं. तरीही खुर्ची होती. मी विचारलं, नशा नाहीच तर पहारा कशाला? तू म्हणालास, "हा पहारा न्हवं. माणूस नुसता दमला तरी कुणीतरी बघितलं पाहिजे."

मला नाचता येत नाही हे तुला बरंच झालं. खुर्ची माझी झाली.

ही खुर्ची, म्हणजे तिची रीत, तू अमेरिकेतून आणली होतीस. तुझ्या सामानात तेवढीच एक परदेशी वस्तू. कंपनीनं तुला क्लीव्हलँडला पाठवलं, बर्फात, एकटा, आणि तुझ्या इमारतीच्या कपडे धुवायच्या खोलीत तुला रूथ भेटली. पन्नाशीची, गुडघे गेलेली, केस निळे. तिनं तुला एका शनिवारी बंद पडलेल्या गोदामात नेलं. ठरलेल्या फोन नंबरावर दुपारी ठिकाण कळायचं, दारावर इअरप्लग मिळायचे, आत फलक नाही, जाहिरात नाही, आणि कोपऱ्यात टेबल मांडून पाणी वाटत बसलेली रूथ. ती तेव्हा कितीतरी वर्षं तेच करत होती. तू म्हणायचास, त्या देशात ऑफिसबाहेरच्या माणसानं मला पहिल्यांदा काही दिलं असेल तर ते पाणी.

ताम्हिणीच्या बाजूच्या त्या ढाब्यावर, कांदाभजी थंड होईपर्यंत, तू मला तिथली आजची अवस्था सांगायचास. गोदामं गेली, त्यांचे महागडे फ्लॅट झाले नाहीतर ऑनलाइन मालाची कोठारं. दुसऱ्या कुठल्या शहरात अशाच जागी आग लागून माणसं मेली, तेव्हापासून जागावाल्यांना विमा हवा, परवाना हवा, आणि तो परवडेल त्यालाच नाचायचा हक्क. मोठमोठ्या महोत्सवांनी हार्डकोरचं एक स्टेज घेतलं, भोवती कुंपण घातलं, पुढच्या रांगेला वेगळं तिकीट लावलं आणि पाण्याची बाटली विकायला काढली. पाणी विकायला काढलं, हे सांगताना तुझा आवाज बदलायचा. पोरं येतात ती मोबाइल वर धरून, एका मिनिटाच्या क्लिपपुरती. ठोक्याचा वेग वाढत चाललाय कारण क्लिपमध्ये संथ काही टिकत नाही. आणि तरी अजून कुठं जुन्या सैनिकांच्या हॉलमध्ये, कुठं रोलर स्केटिंगच्या बंद होत आलेल्या रिंगणात, साठ-सत्तर माणसं जमतात. त्यासाठी आठ-आठ तास गाडी चालवत येतात. जुने लोक गुडघ्याला पट्टे बांधून, नवे लोक त्यांना 'तुमच्या वेळी कसं होतं' विचारत.

आणि तू मला चांगल्याच गोष्टी सांगितल्यास असं नाही. तिथं माणसं मेली आहेत हे तूच सांगितलंस. गोळी म्हणून घेतलेलं भलतंच निघालं आणि पोरं उभ्या उभ्या कोसळली. रूथच्या टेबलावर आता पेल्यांशेजारी श्वास परत आणायचा नाकातला फवारा असतो. तिनं तो वापरलाय. काही वेळा उशिरा. मी म्हटलं, मग तुमच्या नादाला लोक बदनाम करतात त्यात चूक काय? तू चहाचा कप खाली ठेवलास. मग म्हणालास की बदनाम करणारे लोक त्या रात्री कुठं होते ते त्यांना विचार, रूथ टेबलावर होती.



आपलं खरं भांडण मात्र वेगळंच होतं. मी म्हणायचे, उघडं कर. गेटवर बोर्ड लाव, ग्रामपंचायतीला पत्र दे, एक गुरुवार गावाला बोलाव. लपवतोस म्हणून लोक वाट्टेल ते बोलतात. तू म्हणायचास की जे उघड्यावर आलं ते विकलं गेलं, मी डोळ्यांनी बघितलंय. मी म्हणायचे की ही पळवाट आहे, भित्र्यांचं तत्त्वज्ञान. कितीदा म्हटलं असेन. शेवटी एकदा तू चिडलास. तुला चिडलेलं मी तेवढंच एकदा बघितलं.

तू म्हणालास, "तुझं आडनाव या गावात सातबाऱ्यावर हाय. माझं भाडेकरारावर हाय, तेही अकरा महिन्यांच्या. तू नाव छापलंस तर तुला शिव्या पडतील. मी छापलं तर मला खोली सोडावी लागंल."

आणि मग क्लीव्हलँडची ती धाड सांगितलीस. पोलीस आले तेव्हा बाकीचे लोक हात वर करून भिंतीशी उभे राहिले, कारण त्यांचा जास्तीत जास्त शनिवार वाया जाणार होता. तुझा व्हिसा जाणार होता. तू मागच्या दारानं बर्फात पळालास, जॅकेट आतच राहिलं. रूथ टेबलामागून हलली नाही, कारण एक मुलगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. दुसऱ्या दिवशी तिनं जॅकेट आणून दिलं आणि एकही प्रश्न विचारला नाही. आधीही तू तिथं खरं नाव सांगत नव्हतास, त्यानंतर तर ते कुठंच नव्हतं. तू बनवलेले संगीताचे तुकडे तिकडे पाठवायचास तेसुद्धा टोपणनावानं. ते टोपणनाव काय, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मीही कधी विचारलं नाही. मला वाटलं असेल काहीतरी भयंकर इंग्रजी, कवटीबिवटीवालं.

एक दुपार मी जपून ठेवली आहे. गुरुवार म्हणजे विजेच्या दुरुस्तीचाही वार. त्या दिवशी ऐन भरात लाइट गेली. तू जनरेटर ठेवत नव्हतास, त्याचा आवाज बाहेर जातो म्हणून. ठोका एकदम कापला गेला. पत्र्याच्या फटींतून ऊन आत आलं, त्यात धूळ तरंगत होती, आणि मला वाटलं आता सगळे थांबतील, फोन काढतील. कुणी थांबलं नाही. कोब्यावर तीस जोडी पाय तसेच पडत राहिले, त्याच वेगानं, एकत्र. वेल्डर डोळे मिटून होता. नानांनी स्टुलावरून उतरून तळवे जमिनीला टेकले. तू माझ्या खुर्चीशी आलास, पेलाभर पाणी प्यायलास आणि म्हणालास, "आता मोज."

मी मोजलं नाही. यंत्र पिशवीतच राहू दिलं.

तू मंगळवारी गेलास. सोमवारी मी तुला बोर्डाचा मजकूर पाठवला होता, गेटवर लावायचा, अगदी साधा, 'प्रवेश सर्वांना, पाणी मोफत'. त्यावर तुझं उत्तर होतं, 'गुरुवारी बोलू.' एवढंच. त्यात हो होतं की नाही हे मी रोज वाचून बघते.

श्रीकांतभाऊ आले. तुझा चेहरा, तुझीच चाल, फक्त मिशी. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं की माझा भाऊ काय करायचा इथं? उदगीरला आईच्या फोनवर ती बातमी आली होती. बायका भेटायला येत होत्या आणि रडून झाल्यावर हळूच विचारत होत्या. श्रीकांतभाऊंनी मला सांगितलं, तुम्ही लिहिता ना, मग लिहा. सगळं लिहा, जागेचं नाव घाला, लोकांची नावं घाला, माझा भाऊ स्वच्छ होता हे छापून काढा. मला तेच तर हवं होतं. पत्रक तयारच होतं.

नानांनी मजकूर चष्मा लावून वाचला. दोनदा वाचला. म्हणाले, "छाप की. उद्या पोलीस येत्याल, परवा शेडला कुलूप. मग त्यो गेला त्यो गेलाच, आन ही पोरं बी गेली. कुटं जायाचं त्येंनी गुरुवारी?"

त्याच संध्याकाळी आम्ही तुझी खोली आवरत होतो तेव्हा तुझा फोन वाजला. श्रीकांतभाऊंनी तो उघडून ठेवला होता. पडद्यावर रूथ. मी उचलला. ती हसून काहीतरी म्हणाली आणि मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला सांगितलं. तिनं मला ते परत सांगायला लावलं. मग तिनं विचारलं, त्याचं नाव काय होतं?

इतक्या वर्षांची मैत्री, दादा. तुझं जॅकेट तिनं बर्फातून आणून दिलं. आणि तुझं नाव तिला माझ्याकडून कळलं, तू गेल्यावर. तुमच्या त्या भूमिगत दुनियेचा हा नियम मला अजून पटत नाही. न विचारणं म्हणजे आदर, हे तू मला शंभरदा समजावलंस. पण कोण गेलं हेच कळत नसेल तर रडायचं कुणासाठी? मी तुझ्याशी यावर भांडणार होते. भांडतेच आहे.

मी नाव सांगितलं. रूथनं ते दोनदा म्हणून बघितलं, तिला 'हा' नीट जमेना. मग म्हणाली की आम्ही त्याला उदगीर म्हणायचो. 'उड्-गीर' असं. तेच नाव त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तिथल्या सगळ्यांना तो उदगीर म्हणूनच माहीत. रेकॉर्डवर तेच, दारावरच्या माणसाच्या तोंडी तेच. त्याचा तुकडा वाजला की मागचे लोक उदगीर, उदगीर म्हणून ओरडायचे. त्या शब्दाचा अर्थ काय होतो?

फोन स्पीकरवर होता. श्रीकांतभाऊ पलंगाच्या कडेवर बसले होते, ते उठून उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी फोन हातात घेतला आणि आपल्या शाळेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द जुळवत, त्या बाईला सांगितलं की ते आमचं गाव आहे. आमची आई तिथं असते.

त्यांना बोलू द्यावं म्हणून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

तू नाव लपवलंस आणि गाव सांगितलंस. मी तर माझं नाव भिंतीभिंतीवर चिकटवलं. आपल्या दोघांत भित्रा कोण, हा प्रश्न मी यापुढे विचारणार नाही.

गुरुवारी श्रीकांतभाऊंनी टेम्पो आणला होता, स्पीकर घेऊन जायला. मी त्यांना म्हटलं, आधी एकदा आत या. कुणाला निरोप दिला नव्हता, तरी सगळे आले होते. दारावर तंबाखूच्या पुड्या डब्यात पडत होत्या, पूर्वीसारख्याच. मी श्रीकांतभाऊंच्या हातावर दोन पिवळे इअरप्लग ठेवले आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. काय करायचं ते सांगितलं. फक्त चेहरे बघा, जो दमलेला वाटेल त्याला पाणी द्या.

हिंजवडीच्या पोरानं तुझा शेवटचा तुकडा लावला. पहिल्या ठोक्याला श्रीकांतभाऊ दचकले, डोळे मिटले, उठून जातील असं वाटलं. गेले नाहीत. थोड्या वेळानं बघते तर कोपऱ्यात उकिडव्या बसलेल्या त्या हॉस्पिटलातल्या पोरीसमोर ते पेला धरून उभे. ती रडत होती. त्यांनी काही विचारलं नाही.

शोकसभेत दोन मिनिटं उभं राहायची पद्धत मला चांगली ठाऊक आहे, आम्ही पुष्कळदा उभे राहिलोय. तुझ्यासाठी ती पुरणार नव्हती. ठोका अगदी वर पोचल्यावर मी मेन स्विचपाशी गेले आणि तो खाली ओढला. आवाज बंद करा म्हणून मी इतकी वर्षं ओरडत आले. या शेडमध्ये ते माझ्या हातानं व्हायचं होतं. शांतता झाली आणि तिच्यात पाय ऐकू आले. कोब्यावर, एकत्र, न चुकता. नाना खाली बसले आणि त्यांनी तळवे जमिनीला टेकले. मी खुर्चीकडे बघितलं. श्रीकांतभाऊ उभे होते, हातात रिकामा पेला, आणि त्यांचा उजवा पाय नकळत पडत होता.

सगळं थांबल्यावर ते बाहेर येऊन टेम्पोच्या फाळक्यावर बसले. म्हणाले, "हे काय होतं ते मला कळलं नाही. आईला काय सांगू?"

नानांना ऐकू गेलं नसावं असं मला वाटलं. पण ते ओठ वाचतात. म्हणाले, "सांगा की, तुमचा भाऊ हितं मानसांस्नी पानी द्यायचा. आन तिकडं समुद्रापल्याड लोक तुमच्या गावाच्या नावानं वरडत्यात. ह्यात खोटं काय हाय?"

टेम्पो रिकामा गेला. स्पीकर शेडमध्येच आहेत, टायरांवर. श्रीकांतभाऊंनी तुझे कपडे नेले आणि एक पिवळ्या इअरप्लगांची जोडी, खिशात. उदगीरहून त्यांचा फोन आला होता. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली, आता तिथं पाण्याला कोण बसतं. त्यांनी माझं नाव सांगितलं.

तेव्हा दादा, छापते आहे, पण माझ्या पद्धतीनं निम्मं आणि तुझ्या पद्धतीनं निम्मं. तू स्वच्छ होतास हे मी चौकात उभी राहून सांगेन, ज्यानं ती बातमी फिरवली त्याच्या दारात जाऊन सांगेन. शेड कुठं आहे ते सांगणार नाही. घोटावड्यापासून ताम्हिणीपर्यंत कुठंही समजा. माझं आडनाव घातलं तर गाव कळेल, म्हणून तेही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी पत्रकाच्या तळाशी असं लिहितेय, आणि हात थांबत नाहीये.

ठिकाण: येणाऱ्यांना ठाऊक आहे.
वार: गुरुवार.
वेळ: दिवसाढवळ्या.
पाणी मिळेल.

मोजणीबाई